सरंजाम, वहिवाट आणि आंतरराष्ट्रीय कायदा

पुणे दरबाराने १७७९ मध्ये पोर्तुगीजांशी केलेल्या तहात दमणच्या परिसरातील वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून देण्याचे ठरले, आणि त्या कलमाचा अर्थ ठरवण्याची वेळ पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आली. ही गावे म्हणजे पुढचे दादरा आणि नगर हवेली; चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेल्या या प्रदेशातील पोर्तुगीज सत्ता १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये संपली. दमणहून तिकडे जाणारी वाट भारताने रोखल्यामुळे पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दावा दाखल केला.

तहाने आपल्याला सार्वभौमत्व मिळाले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने ते नाकारले: मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. मराठेशाहीची कागदपत्रे वाचणाऱ्याला हा भेद सहज कळतो, परंतु युरोपीय कायद्याच्या परिभाषेत सरंजामाला नेमका प्रतिशब्दच नव्हता. पुढे मात्र ब्रिटिशांनी पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केले आणि सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीतून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्या वाटेचा हक्क निर्माण झाला, असे न्यायालयाने मानले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्णय झाला. माझ्या मते या खटल्याचे खरे महत्त्व इथे आहे, कारण हक्काचे मूळ तहाच्या मजकुरात न सापडता लोकांच्या ये-जा करण्यात सापडले.

कायद्याकडे असे पाहण्याची परंपरा त्याआधीची आहे. स्विस कायदेपंडित माक्स हूबर यांनी १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या समाजशास्त्रीय पायावर लिहिले, तर फ्रान्समध्ये जॉर्ज सेल यांनी १९३० च्या दशकात, सामाजिक एकोप्याच्या विचाराला धरून, या कायद्यातील हक्क-कर्तव्यांचे अंतिम धारक राज्ये नसून माणसे आहेत, असे मांडले. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर आर. पी. आनंद यांच्यासारख्या भारतीय अभ्यासकांनी हे नियम कोणत्या समाजाने, कोणाच्या हितासाठी घडवले, हा प्रश्न पुढे आणला.

त्या प्रश्नाच्या कसोटीवर हेगचा निकालही अपुरा वाटतो. दोन राज्यांच्या त्या वादात नगर हवेलीतील वारली, कोकणा, धोडिया लोकांच्या इच्छेला स्वतंत्र स्थान नव्हते. आठच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींतील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क जाहीर केला. ठरावाच्या बाजूने ८९ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि तटस्थ राहिलेल्या ९ देशांत पोर्तुगाल होता.