एफए चषकावरचा सट्टा: बंदी, कूपन आणि बुकीचा पडदा

१६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर एफए (फुटबॉल असोसिएशन) चषकाची, म्हणजे हरला तो बाद अशा इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेची, पहिली अंतिम लढत झाली. पारडं रॉयल इंजिनिअर्सचं जड मानलं जात होतं; जिंकले मात्र वाँडरर्स, १-० ने. पुढे सुद्धा हे होतच राहिलं. १९७३ मध्ये सुंदरलँडने लीड्सला, १९८८ मध्ये विम्बल्डनने लिव्हरपूलला आणि २०१३ मध्ये विगनने मँचेस्टर सिटीला अंतिम सामन्यात हरवलं; स्कोअर प्रत्येक वेळी १-०. लीगमध्ये ३८ सामन्यांत बलवान संघाला चूक भरून काढता येते, इथे एका दुपारी खेळ खलास. त्यातून तिसऱ्या फेरीत वरच्या दोन विभागांचे ४४ क्लब उतरतात आणि खालून झगडत आलेल्या २० क्लबांबरोबर त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात, त्याही कुणालाच मानांकन न देता. पैज लावणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

कायद्याला मात्र हे फार काळ नको होतं, निदान गरिबासाठी तरी. १९०६ च्या कायद्याने इंग्लंडात रस्त्यावर पैजा घेणं गुन्हा ठरवलं. बुकीकडे खातं असलेला श्रीमंत माणूस उधारीवर खुशाल खेळू शकत होता. अडला तो रोख पैसे देणारा कामगार. १९२० मध्ये फुटबॉलच्या रोख पैजांवर खास कायदा आला आणि त्यातूनच पळवाट निघाली: सामन्यांच्या निकालांचे अंदाज भरलेलं कूपन आधी पाठवायचं, पैसे निकालानंतर. १९२३ मध्ये जॉन मूर्स आणि त्यांच्या दोन साथीदारांनी लिव्हरपूलमध्ये लिटलवूड्स पूल सुरू केला; पूल म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून बरोबर अंदाज करणाऱ्यांत वाटायची पैज. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर वाटलेल्या ४,००० कूपनांपैकी परत आली ३५. पुढे त्याच धंद्याने मूर्सना देशातल्या मोठ्या धनिकांत नेऊन बसवलं. फुटबॉलचे कारभारी या प्रकाराकडे नाक मुरडून बघत. १९३६ मध्ये लीगने सामन्यांचं वेळापत्रकच दडवून पूलवाल्यांची कोंडी करून पाहिली. डाव लवकरच फसला.

पूल किती खोल रुजले होते, ते १९६३ च्या हिवाळ्यात दिसलं. मैदानं गोठली. चषकाची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली ती ११ मार्चला संपली. ६६ दिवसांत २६१ वेळा सामने पुढे ढकलावे लागले. सामने नाहीत तर कूपनं रद्द, आणि कूपनं रद्द तर धंदा बंद. मग पूल कंपन्यांनी टॉम फिनी, टॉमी लॉटन अशा जुन्या खेळाडूंना एका खोलीत बसवून न झालेल्या सामन्यांचे ‘निकाल’ ठरवून घेतले! खरा सामना नंतर व्हायचा तेव्हा होई. कूपनापुरता तो आधीच संपलेला असे.

त्याआधीच, १ मे १९६१ पासून, बाजारपेठेत बेटिंगची कायदेशीर दुकानं उघडली होती. पूलमध्ये जमलेल्या पैशांतून बक्षीस वाटलं जातं, इथे बुकी आधी भाव सांगतो आणि तो पाळतो. समजा यजमान २.०० (म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशांच्या दुप्पट परत), बरोबरी ३.५० आणि पाहुणे ३.५०. प्रत्येक भावाने १०० ला भागलं तर ५०, २८.६ आणि २८.६ येतात, बेरीज १०७ च्या वर. हे वरचे सात म्हणजे बुकीच्या नफ्याचा गाळा. हा हिशेब न करता भाव पाहणाऱ्याला प्रत्येक पैज आकर्षकच दिसते.

चषकात आणखी एक खोच आहे. नेहमीची पैज ९० मिनिटं आणि भरपाई वेळेपुरती धरतात. जादा वेळ आणि पेनल्टी त्यात येत नाहीत. आपला संघ पेनल्टीवर जिंकूनही पैज हरते, ती यामुळे. ‘पुढच्या फेरीत कोण’ यावर वेगळी पैज असते आणि तिचा भाव कमी मिळतो. बरोबरीला एकेकाळी इथे मोठा अर्थ होता. बरोबरी झाली की सामना पुन्हा, आणि तोही कितीही वेळा: १९७१ मध्ये अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी सहा वेळा भिडले, एकूण ११ तास. छोटा क्लब घरच्या मैदानावर बरोबरीसाठीच जीव तोडून खेळे, कारण मोठ्या क्लबच्या मैदानावरच्या फेरलढतीत तिकिटांचा वाटा मिळे. १९९१-९२ पासून फेरलढत एकच उरली आणि २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेत तीही गेली. स्पर्धा जिंकण्यावरची पैज मात्र तशीच आहे; ‘ईच-वे’ घेतली तर अर्धे पैसे विजेतेपदावर आणि अर्धे, सहसा निम्म्या भावाने, अंतिम फेरी गाठण्यावर. पुढची चिठ्ठी कोणाची निघेल हे ठाऊक नसताना लावलेली ही पैज निम्मी फुटबॉलवर असते आणि निम्मी चिठ्ठीवर.

ऑक्टोबर २००१ मध्ये ग्राहकाच्या माथी बसणारा ९ टक्के कर गेला, इंटरनेट आलं, आणि नाक मुरडणारे कारभारी भागीदार झाले. एफएने २०१४ मध्ये वरच्या स्तरांवरच्या खेळाडूंना जगातल्या कुठल्याही फुटबॉलवर पैज लावायला बंदी केली. पुढे स्वतः मात्र एका बेटिंग कंपनीशी प्रायोजनाचा करार केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये चषकाच्या सामन्यात आर्सेनलविरुद्ध छोट्या सटन युनायटेडचा राखीव गोलकीपर कॅमेऱ्यासमोर ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) खाताना दिसला. तो खाईल यावर एका बुकीने ८-१ (एकाला आठ) भाव लावला होता. गोलकीपरला ३७५ पौंड दंड आणि दोन महिने बंदी झाली. जूनमध्ये एफएने आपला प्रायोजन करार गुंडाळला.

पण त्याच वर्षाच्या जानेवारीत चषकाच्या प्रक्षेपणाचे हक्क एका एजन्सीमार्फत विकून झाले होते. २०२० च्या तिसऱ्या फेरीत बरेच सामने बेटिंग कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिसू लागले, खात्यात पैसे असतील किंवा पैज लावलेली असेल तरच. मंत्र्यांनी डोळे वटारले तेव्हा कंपन्यांनी मक्तेदारी सोडली आणि तेच सामने मोफत दाखवण्याची वाट एफएला मोकळी झाली.