हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवणे

एरवीही फारशी रस्त्यावर न येणारी गाडी, म्हणजे हौसेने सांभाळलेली जुनी, उघड्या टपाची किंवा घरातली दुसरी कार, बर्फ आणि कडाक्याच्या थंडीचे तीन ते सहा महिने एका जागी बंद ठेवायची, आणि वसंतात ती पुन्हा धडधाकट चालू व्हावी म्हणून आधी, मधे आणि नंतर जे करावं लागतं ते सगळं या प्रकारात येतं. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हे दरवर्षीचं काम असतं.

गाडी चालली नाही म्हणजे झिजली नाही असं बहुतेकांना वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. क्लच, टायरची नक्षी, ब्रेक पॅड हे वाचतं, पण गंज चढतो, बॅटरी उतरते, पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं आणि उंदीर घर करतात. गंमत म्हणजे यात नुसत्या थंडीचा दोष फार नाही, उलट थंडीत गंज, पेट्रोलचं शिळं होणं, बॅटरीचं आपोआप उतरणं हे सगळंच मंदावतं. खरा त्रास ओलीचा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच गार पडलेल्या इंजिनाला, ब्रेकच्या डिस्कला आणि दाराच्या आतल्या पत्र्याला बाहेरची हवा अचानक उबदार आणि दमट झाली की फुटतो. त्यामुळे सारखी गार पण कोरडी शेड ही दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या गॅरेजपेक्षा बरी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं, ती ५० च्या आसपास राखली तर बरीच चिंता मिटते आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, लावतात तो यासाठीच.

पाच मिनिटं चालू करून बंद करणे

या विषयातली सगळ्यात पसरलेली आणि सगळ्यात वाईट सवय हीच. आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच चालू करायची, पाच-दहा मिनिटं घुरघुरू द्यायची आणि बंद करायची, म्हणजे म्हणे इंजिन 'मोकळं' राहतं. होतं काय, तर एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन पुरतं तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. गार असेल तर सायलेन्सरच्या आतच पाणी होऊन साचते, आणि थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. गार इंजिनात पेट्रोलही जास्त सोडलं जातं, तेही थोडं ऑइलमध्येच जातं. असं चार-सहा वेळा झालं की ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, सायीसारखा चिकटा बसलेला दिसतो, ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. बॅटरीचंही तेच, सेल मारताना जेवढी वीज जाते तेवढीसुद्धा थोडा वेळ जागेवर चालवून नीट परत भरत नाही.

म्हणून गाडी झोपवायची तर नीट झोपवा नाहीतर नीट चालवा, मधलं काही नको. चालवायची तर रस्ता कोरडा आणि मीठ नसलेला बघून किमान अर्धा तास, कारण कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, काटा लवकर वर येतो पण ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बॅटरी

गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसिव्हर आणि निरनिराळे कंट्रोल युनिट थोडी थोडी वीज खात असतात. समजा हा खर्च ५० मिलिअँपिअर आहे, ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाला होतात १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासाची बॅटरी या हिशोबाने ५० दिवसांत पार रिकामी होणार, आणि महिन्याभरातच ती इतकी खाली येते की थंड इंजिन फिरवायची ताकद तिच्यात उरत नाही.

नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीची तब्येत मल्टिमीटरवर कळते. गाडी काही तास बंद ठेवून मोजा, १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात, आणि मग कितीही चार्जिंगला लावा, पहिली ताकद येत नाही. दुसरं असं की भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही पण पार उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपासच गोठून डबा फोडतं. फुगलेली किंवा गोठलेली बॅटरी चार्जरला किंवा जंपस्टार्टला लावायचीच नाही, ती स्फोट होऊन अंगावर येऊ शकते.

उपाय दोन. गॅरेजमध्ये वीज असेल तर आपोआप कमी-जास्त होणारा स्मार्ट चार्जर लावून विसरून जायचं. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर नको, तो थांबतच नाही आणि महिनाभरात बॅटरीतलं पाणी उडवून टाकतो. वीज नसेल तर बॅटरी आधी पूर्ण भरून निगेटिव्हची केबल सोडवायची. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, कारण उलटं केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांचा पाऊस. एक जुनी समजूत आहे की काढलेली बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते. पूर्वी डबे लाकडाचे किंवा कडक रबराचे असायचे तेव्हा त्यात तथ्य होतं, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. फरशीपेक्षा मोठी पंचाईत म्हणजे काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते, केबल सोडवून डिकी धाडकन बंद केली की मग बसा ती उघडायची आपत्कालीन सोय शोधत.

पेट्रोल, डिझेल आणि बाकीचे द्रव

पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं. त्यातला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेला हवेशी संयोग पावून डिंकासारखा होतो, वासही पेट्रोलचा न राहता वॉर्निशसारखा येतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओलही ओढतं, आणि ती फार झाली की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, पंप पहिल्यांदा ओढतो तो नेमका तोच. म्हणून टाकी जवळपास फुल करून ठेवायची, वर हवेला जागाच कमी, आणि पत्र्याची टाकी असलेल्या जुन्या गाडीत तर गंजासाठीही हे हवंच. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन, टाकायचा तो ताज्या पेट्रोलमध्ये, शिळं झालेलं त्याने परत ताजं होत नाही, आणि टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवायची म्हणजे तो पार इंजेक्टरपर्यंत पोचतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोलचा पुरवठा बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवणं चांगलं, नाहीतर वाटीतलं पेट्रोल वाळून जेटच्या बारीक भोकांत चिकटा होतो. डिझेलची कथा वेगळी, त्यातलं मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करतं, त्यामुळे टाकीत उन्हाळ्यातलं नाही तर हिवाळी डिझेल असलं पाहिजे.

इंजिन ऑइल गाडी ठेवायच्या आधी बदलायचं, बाहेर काढताना नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि पाणी असतं, ते सहा महिने बेअरिंगवर बसून राहायला कशाला द्यायचं.

कूलंटमध्ये एक मजा आहे. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, पण नुसतं ग्लायकॉल साधारण उणे १३ लाच गोठतं, म्हणजे जास्त घट्ट घातलं की जास्त चांगलं असा प्रकार नाही. उन्हाळ्यात कुणी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालत गेलं असेल तर मात्र संकट, पाण्याचं बर्फ होताना आकार सुमारे ९ टक्के वाढतो आणि त्यापुढे इंजिनाचा ओतीव ब्लॉकही टिकत नाही. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही याच कारणाने बदलायचं, लोक तेच विसरतात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतो, दोन वर्षं झाली असतील तर या निमित्ताने तोही बदलून घ्यावा.

धुणे, झाकणे, उभी करणे

ठेवायच्या आधी गाडी धुवायची आणि खालून जास्त धुवायची, वरून चकाचक पण चाकांच्या कमानीत मिठाचा चिखल तसाच, याला धुणं म्हणत नाहीत. हे मीठ स्वतः ओल ओढून घेतं, त्यामुळे मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये बाहेरच्या थंडीपेक्षाही जोरात गंजते. धुतल्यावर लगेच आत नाही घालायची, एक चक्कर मारून ब्रेक आणि कानेकोपरे सुकवायचे. मग वॅक्स, दारांच्या रबराला सिलिकॉन, आणि सीटखालचे बिस्किटांचे तुकडे व्हॅक्यूमने साफ, ते का ते पुढे येतंच. कापडी टप असेल तर तो वर लावूनच ठेवायचा, दुमडून ठेवला तर घड्या पडतात. वरून झाकायला हवा खेळणारं कव्हर हवं, प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने घासून रंग जातो.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. ओला पॅड डिस्कला नाहीतर लायनर ड्रमला चिकटतो, गंजतो, आणि वसंतात गाडी जागची हलत नाही. त्याऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची, पण टायरच्या अंगावर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे नाही. तापमान १० अंश उतरलं की टायरची हवाही साधारण २ पीएसआय कमी होते, आणि कमी हवेवर महिनोन्‌महिने एकाच जागी बसलं की टायर खालून चपटा होतो. थोडा चपटेपणा चालवल्यावर तापून जातो, जुन्या टायरचा कधी कधी जातच नाही. महिन्यातून एकदा गाडी अर्धं चाक पुढे-मागे ढकलली तरी काम होतं. घोडीवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर, चढवायची असेल तर घोडी सस्पेन्शनच्या आर्मखाली, चाकं लोंबकळत ठेवली की सस्पेन्शनची रबरं पिळलेल्या अवस्थेत राहतात.

उंदीर

करंगळी जाईल एवढ्या भोकातून उंदीर आत येतो, आणि बंद गाडी म्हणजे त्याला भाडं न देता मिळालेलं घर. एअर फिल्टरचा डबा त्याचा खास आवडता. उघडून बघावा तर फिल्टरच्या घड्यांवर सीटचा फोम, बोनेटखालच्या अस्तराचा कापूस आणि कुरतडलेला कागद यांची छान गोल गादी, बाजूला बियांची टरफलं आणि सगळीकडे तो विशिष्ट वास, जो पुढचं वर्षभर हीटरमधून येत राहतो. वायरिंग कुरतडलं तर खर्च वेगळाच. डांबर गोळ्या, पेपरमिंट, साबण यांवर लोकांची फार श्रद्धा आहे, पण वास उडून जातो आणि उंदीर राहतो, खात्रीचं म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवा ओढणाऱ्या नळीला स्टीलचा काथ्या कोंबणं आणि गॅरेजमध्ये सापळे. काथ्या कोंबलाय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधायची. विसरणारच नाही असं ज्याला वाटतं तोच विसरतो.

इलेक्ट्रिक गाडी

ऑइल, पेट्रोल, सायलेन्सर काहीच नाही म्हणून काम कमी, पण शून्य नाही. मोठी लिथियम बॅटरी १०० टक्के भरून ठेवायची नसते आणि रिकामीही नाही, निम्म्याच्या आसपास बरी. तिच्याशिवाय बहुतेक गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टचीही असते आणि ती उतरली की एवढी मोठी बॅटरी असूनही गाडी चालू होत नाही, काहींचं तर दारसुद्धा नेहमीसारखं उघडत नाही.

परत बाहेर काढताना

आधी खाली वाकून बघायचं, कुठे डाग पडलाय का. मग स्टिअरिंगची चिठ्ठी वाचून काथ्या काढायचा, फिल्टरचा डबा बघायचा, ऑइल-कूलंटची पातळी, टायरची हवा, बॅटरीचे व्होल्ट. लगेच सेल मारायचा नाही, किल्ली दोन-तीनदा ऑनपर्यंत फिरवून पंपाला पेट्रोल वर आणू द्यायचं. चालू झाल्यावर रेस देऊ नका, कारण ऑइल इतके दिवस खाली तळात होतं, त्याला वर पोचायला काही सेकंद द्यावे लागतात. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आवाज येतो आणि चाकांच्या फटीतून डिस्क तांबूस दिसते, तो वरवरचा गंज, पॅड घासले की जातो. पण काही किलोमीटर गेल्यावरही खरखर राहिली किंवा एखादं चाक बाकीच्यांपेक्षा हाताला गरम लागलं तर तो ब्रेक धरून बसलाय, तसंच पुढे न दामटता चाक काढून बघायचं.