टँकचा उजेड डोळ्यांनी मोजू नका

कोरलचा, म्हणजे प्रवाळ पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक नवीन लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, किती वॉटचा लाइट घेऊ? आणि उत्तर देणारेही लिटरमागे अमुक वॉट असा हिशोब सांगून मोकळे होतात. हा हिशोब ट्यूबच्या जमान्यातला आहे, तेव्हा सगळ्या ट्यूब साधारण एकसारख्या असायच्या म्हणून चालून जायचं. आज तो चालत नाही, आणि त्याच्याहून वाईट एक सवय आहे जी मलाही होती, ती म्हणजे टँकसमोर उभं राहून "हां, आता बरोबर उजेड आला" असं नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं.

मी टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब काढून एलईडी बसवला तेव्हा नेमकं हेच केलं. टँक आधी जेवढा उजळ दिसायचा तेवढा दिसेपर्यंत निळा चॅनल, म्हणजे त्यातल्या निळ्या दिव्यांची ताकद, वाढवत नेला आणि खूश झालो. चौथ्या दिवशी सगळ्यात वरच्या दगडावरच्या फांद्या असणाऱ्या एका दगडी कोरलचे, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचे पॉलिप (कोरलची इवली तोंडं) आत गेले ते बाहेर येईनात. आठवड्याभरात त्याच्या फांद्या वरून पांढऱ्या झाल्या, पण गंमत बघा, प्रत्येक फांदीची खालची बाजू, जिथे तिची स्वतःचीच सावली पडते, ती होती तशीच तपकिरी. पाण्याच्या टेस्ट सगळ्या ठीक येत होत्या. पाणी बिघडलं असतं तर ते काय फांदीची वरची बाजू आणि खालची बाजू बघून बिघडलं नसतं, म्हणजे हा मार उजेडाचाच होता. पण उजेड तर आधीएवढाच दिसत होता! इथून मी वाचायला लागलो.

शाळेत शिकलेलं थोडं आठवा. कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, आणि ते प्रकाशसंश्लेषण करून जी साखर बनवतं तिच्यावर कोरलचा बराचसा संसार चालतो. तो तपकिरी रंगही या शैवालाचाच. त्यामुळे लाइट निवडताना आपण माशांसाठी किंवा शोभेसाठी दिवा निवडत नसतो, एका शेताचा सूर्य निवडत असतो.

आता आपला डोळा. माणसाचा डोळा भर उजेडात सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी हिरव्या रंगाला. 450 नॅनोमीटरच्या गडद निळ्याला तो जेमतेम 4 टक्के दाद देतो. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेचा निळा प्रकाश आपल्याला हिरव्यापेक्षा सुमारे 25 पट मंद वाटतो. लक्स नावाचं जे माप आहे ते याच डोळ्याच्या हिशोबावर बेतलेलं आहे, त्यामुळे लक्समीटरही तीच चूक करतो आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर तर निळ्या उजेडात अजिबात विसंबू नये. मी पांढऱ्या ट्यूबच्या जागी निळा एलईडी "तेवढाच उजळ" दिसेपर्यंत वाढवला, म्हणजे प्रत्यक्षात कोरलवर आधीच्या कितीतरी पट जास्त प्रकाश ओतला.

शैवाल मोजतं फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे सुटे कण. याचं माप पार या नावाने ओळखलं जातं: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडले ते मायक्रोमोलमध्ये. एक मायक्रोमोल म्हणजे 6 वर 17 शून्यं एवढे फोटॉन. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा 2000 च्या घरात जातो.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जरा सावकाश वाचा. शैवालाच्या आत क्लोरोफिल आणि पेरिडिनिन नावाच्या रंगद्रव्यांचं एक जाळं असतं, अँटेनाच म्हणा. पेरिडिनिन निळा-हिरवा प्रकाश छान शोषतं, आणि स्वच्छ समुद्रात खोलवर पोचतो तो नेमका निळाच, त्यामुळे ही जोडी जमलेली आहे. फोटॉन या जाळ्यात पडला की त्याची ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत केंद्रापर्यंत जाते आणि तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन. निळ्या फोटॉनमध्ये लालपेक्षा जवळपास दीडपट ऊर्जा असते पण त्याचे दीड इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, वरची ऊर्जा उष्णता होऊन तिथेच जाते, म्हणून वॉट न मोजता फोटॉनच मोजायचे. तो सुटलेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतो, पण पुढच्या रांगेला तो घेऊन मोकळं व्हायला काही मिलिसेकंद लागतात. उजेड कमी असेपर्यंत प्रश्न नाही, रांग मोकळी असते. उजेड वाढला की फोटॉन रांगेपेक्षा वेगाने यायला लागतात, आणि मग जास्त उजेड दिला तरी साखर जास्त होत नाही, आलेख सपाट होतो. बऱ्याच कोरलमध्ये हे 200 ते 400 मायक्रोमोलच्या दरम्यान कुठेतरी होतं.

मग जादा आलेल्या ऊर्जेचं काय? शैवालाकडे त्याची सोय आहे. डायडिनोझँथिन नावाचं एक रंगद्रव्य काही मिनिटांत रूप बदलून डायटोझँथिन होतं, आणि हे नवीन रूप जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून द्यायला मदत करतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं. पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की अडकलेली ऊर्जा ऑक्सिजनला मिळते, तो ऑक्सिजन भलताच तिखट होतो आणि केंद्रातलं डी-वन नावाचं प्रथिन फोडतो. हे प्रथिन तसं रोजच तुटतं आणि पेशी ते रोज दुरुस्तही करते, पण तुटण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की शैवाल कोरलसाठी जेवणाऐवजी विष बनवायला लागतं, आणि मग कोरल त्याला बाहेर काढतं. पांढरं पडणं म्हणजे हेच. समुद्रातलं ब्लीचिंगही याच वाटेने होतं, फक्त तिथे पाणी तापल्यामुळे रांग आधीच तुंबलेली असते आणि नेहमीचं ऊनही जास्त होतं. म्हणून टँकचं पाणी गरम झालं असेल त्या आठवड्यात लाइट वाढवायचा विचारही करू नका.

म्हणजे "रीफवर (समुद्रातल्या कोरलच्या खडकावर) 2000 पडतो मग मी 400 दिला तर काय झालं" हा युक्तिवाद अर्धवट आहे. रीफवर तो आकडा थोडाच वेळ असतो, मध्ये ढग येतात, लाटांनी उजेड हलतो, आणि तिथलं कोरल त्याच उजेडात वाढलेलं असतं. शैवाल आपली रंगद्रव्यं उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतं पण त्याला दिवस, आठवडे लागतात. अंधाऱ्या जागी राहिलेलं कोरल जास्त तपकिरी दिसतं ते याचमुळे, त्याने जाळं मोठं केलेलं असतं, आणि अशा कोरलवर अचानक प्रखर दिवा सोडला की मोठ्या जाळ्यात मोठा घास येतो.

आता जाहिरातींबद्दल बोलायलाच हवं. निळ्या दिव्याखाली कोरल हिरवं-केशरी चमकतं, त्याचे फोटो लावून "या लाइटखाली कोरल निरोगी राहतं" म्हणून विकतात. ती चमक प्रतिदीप्तीची आहे. कोरलमध्ये हिरव्या प्रथिनाचे भाऊबंद असतात, तेच हिरवं प्रथिन जे ओसामु शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून वेगळं केलं आणि ज्यासाठी 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. हे प्रथिन निळा प्रकाश शोषून हिरवा सोडतं, आणि हिरवा आपल्या डोळ्याला निळ्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, म्हणून एवढी उठून चमक. तब्येतीशी तिचा सरळ संबंध नाही. उलट काही कोरल ब्लीच होताना जास्त भडक रंगाची होतात, कारण शैवालाचा तपकिरी पडदा निघून जातो. तसंच ते 20,000 केल्विन वगैरे. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग किती निळसर दिसतो याची ढोबळ खूण, त्यावरून फोटॉन किती पडतात ते काहीच कळत नाही. आणि "दुप्पट वाढ" म्हणणाऱ्याला एकच विचारा, कोणत्या खोलीवर किती पार? त्याचा तक्ता दाखवत नसेल तर तो लाइट घेऊ नका.

बाकी निवड फार अवघड नाही. मशरूम नावाच्या आणि मऊ कोरलना 50 ते 100 पार पुरतो, मोठ्या पॉलिपच्या दगडी कोरलना साधारण 75 ते 150, अ‍ॅक्रोपोरासारख्यांना 200 च्या वर. एलईडी घेताना प्रत्येक रंगाचा चॅनल वेगळा कमी-जास्त करता येतो का ते बघा आणि उजेडाचा पसारा बघा, कारण एका ठिपक्यातून येणारा उजेड मध्यभागी भाजतो आणि फांद्यांच्या खाली गडद सावली पाडतो. ट्यूबचा उजेड पसरट असतो, त्या बाबतीत ट्यूब अजूनही चांगल्या, आणि काही जण दोन्ही एकत्र लावतात ते मला पटतं. समुद्रात 10 मीटरवर लाल जवळपास संपलेला असतो, पण आपल्या टँकचं अर्धा मीटर पाणी असं काहीच गाळत नाही, म्हणून निळेपणा दिव्यातच असायला लागतो. रोज 8 ते 10 तास पुरे, रात्री खरा अंधार द्या.

पारमीटर विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, कुणाकडून दोन दिवस मागून आणा. फक्त जुन्या मीटरचे सेन्सर निळा कमी मोजतात हे लक्षात ठेवा. सेन्सर पाण्यात, प्रत्येक दगडाच्या टोकावर धरून आकडे कागदावर लिहून ठेवा. नवीन लाइट निम्म्या ताकदीवर सुरू करा आणि पाच-सहा आठवड्यांत हळूहळू वर न्या.

मी मीटर आणला तेव्हा त्या वरच्या दगडावर 520 होता. काचेच्या तळाशी, जिथे मला उजेड कमी वाटायचा, तिथे 140. दिवा वर उचलला, निळा खाली आणला, आता त्या वरच्या दगडावर 210 येतात आणि टँक मला अजूनही थोडा अंधारा वाटतो. त्या अ‍ॅक्रोपोराच्या तीन फांद्या मेल्या. चौथीच्या खालच्या तपकिरी बाजूकडून रंग हळूहळू वर चढायला लागला, दोन महिन्यांनी तो टोकापर्यंत पोचला, आणि एका संध्याकाळी लाइट मंद होत असताना तिथले पॉलिप बाहेर आलेले दिसले.