जलतरणपटूची पाण्याबाहेरील दिनचर्या

जलतरणाचा सराव दिवसातून दोन-तीन तास चालतो. उरलेल्या वेळातील झोप, आहार, अंगमेहनत आणि व्यसने यांवर त्या सरावाचे फळ बरेचसे अवलंबून असते. ग्रामीण विदर्भात पोहणे बहुधा विहिरीत, बोडीत (शेताजवळच्या लहान तळ्यात), मालगुजारी तलावात किंवा नदीच्या डोहात शिकले जाते आणि पोहणारी मुले शेतातही राबतात, त्यामुळे शहरातील प्रशिक्षकांचे दिनक्रम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित बाब झोपेची आहे. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते, कारण वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते आणि थकलेले स्नायू त्याच काळात पूर्ववत होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या एका पाहणीत, काही आठवडे रोज १० तास झोपलेल्या जलतरणपटूंचा १५ मीटरचा वेळ सुमारे अर्ध्या सेकंदाने सुधारला. खेळाडू मोजकेच असले, तरी इतक्या लहान अंतरात हा फरक मोठाच म्हणावा लागेल. विदर्भात कृषिपंपांची वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीच्या पाळीत ओलितासाठी घरातील मोठी मुलेही जागतात. अशा जागरणानंतर पहाटे वेगाचा सराव करून घेणे चुकीचे आहे. त्या दिवशी हलके पोहून दुपारची झोप घेऊ द्यावी.

खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेले चघळण्याचे मिश्रण, हे या भागातील विशेष संकट आहे. त्यातील तंबाखूच्या निकोटीनमुळे नाडी वाढते व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; सुपारीमुळे गालांच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. फ्रीस्टाइलमध्ये (पालथे पोहत आळीपाळीने हात मारण्याच्या प्रकारात) मान वळवून क्षणार्धात तोंडाने श्वास भरून घ्यायचा असतो, हे लक्षात घेतले की पोहणाऱ्याचे नुकसान किती थेट आहे ते कळते. ‘थोडासाच खातो’ हे उत्तर कोणत्याही प्रशिक्षकाने स्वीकारू नये.

फ्रीस्टाइलचा मुख्य भार खांद्यांवर असतो. भरलेला फवारणी पंप तासन्‌तास पाठीवर वाहिल्यावर किंवा दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर खांदे पुढे झुकतात व आखडतात, आणि त्याच संध्याकाळी जोराने हात मारल्यास दुखापत संभवते. फवारणीचा धोका आणखी गंभीर आहे: काही कीटकनाशके स्नायू दुर्बळ करतात व श्वसन बिघडवतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. सराव करणाऱ्या मुलांना फवारणीपासून पूर्णपणे दूर ठेवावे.

आहारात भाकर, वरण, शेंगदाणे, अंडी असा घरचाच साठा पुरेसा ठरतो. मात्र जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. पाण्यात घाम जाणवत नाही, म्हणून पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी आणि मीठ घातलेले ताक प्यावे.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे (त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात) प्रमाण लक्षणीय आहे. निर्जलीकरण, अतिश्रम आणि थंड पाणी यांमुळे सिकलसेल रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि आजार आढळल्यास पोहण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.