10 टक्के डाऊन पेमेंट म्हणजे नक्की किती? थोडी पार्श्वभूमी

बडोद्यात आपली जुनी मंडळी दांडिया बाजार, रावपुऱ्यात वर्षानुवर्षं भाड्यानं राहिली, घर घ्यायचं तर पीएफ काढायचा नाहीतर दागिने मोडायचे. ते सोडते, कारण आत्ता डाऊन पेमेंटचा जो घोळ होतो तो 2010 नंतरचा आहे.

2010 च्या शेवटी रिझर्व्ह बँकेनं ठरवलं की घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांवर लोन द्यायचं नाही, फक्त 20 लाखांपर्यंतच्या लोनला 90 टक्के चालतील. 2015 मध्ये ते 20 चे 30 लाख झाले. "10 टक्के भरा, घर घ्या" हे तिथूनच आलंय.

पण 10 टक्के कशाचे? फेब्रुवारी 2012 मध्ये असं ठरलं की घराच्या किमतीत स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरायचंच नाही. त्याआधी काही बँका ते धरून लोन देत होत्या. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं अगदीच चूक नाही, उद्या हप्ते थकले आणि घर विकायला काढलं तर स्टॅम्प ड्यूटीचे पैसे थोडेच परत येणार. पण याचा भार पडला तो ज्याच्याकडे मुळात रोख कमी त्याच्यावरच, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच निर्णय सगळ्यात जड गेलाय.

माझ्या मावसभावाचंच बघा. वाघोडिया रोडला 25 लाखांचा फ्लॅट, लोन साडेबावीस, म्हणजे स्वतःचे अडीच लाख, तेवढे जमवून ठेवलेले. मग दस्तावेजाचा, म्हणजे खरेदीखताचा, हिशोब आला, गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के म्हणजे 1,22,500 आणि रजिस्ट्रेशन 1 टक्का म्हणजे 25 हजार. ते अडीच लाख धरून एकूण 3,97,500, किमतीच्या जवळजवळ 16 टक्के! शेवटी एकट्या वहिनीच्या नावानं दस्तावेज केला, बायकांना रजिस्ट्रेशन फी माफ आहे म्हणून 25 हजार वाचले, बाकीच्यासाठी तिच्या पाटल्या गेल्या.

2015 मध्ये 10 लाखांपर्यंतच्या घरांना सूट मिळाली, त्यांच्या किमतीत हे खर्च धरता येतात. आम्ही शोधत होतो तेव्हा त्या किमतीचं एकही घर दिसलं नाही.

त्याच वर्षी सरकारची व्याजावरची सबसिडी आली, लोनच्या पहिल्या 6 लाखांवर 6.5 टक्के, जास्तीत जास्त 2.67 लाख. ती 2022 मध्ये बंद झाली. 2024 पासून नवीन आहे, घर 35 लाखांपर्यंत, लोन 25 लाखांपर्यंत, पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, जास्तीत जास्त 1.80 लाख. हे पैसे पाच वार्षिक हप्त्यांत येतात आणि थेट लोन खात्यात जमा होतात, त्यामुळे बानाखत (खरेदीआधीचा करार) करायला बसलेल्या माणसाला त्यातला एक रुपयाही त्या दिवशी वापरता येत नाही.