दुकानाचं विटांचं मॉडेल: हे प्रकरण इथपर्यंत आलं कसं

लेगो या खेळण्यातल्या विटा बनवणाऱ्या डॅनिश कंपनीने दुसऱ्या धंद्यांच्या नावाचे सेट काढणं जुनंच आहे, पेट्रोल पंप झाले, १९७४ चं मालवाहू जहाज झालं, पण ते सगळं कंपनी-कंपनीतलं, हौशी माणसाचा त्यात काही संबंध नव्हता.

आपलं काम म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसं त्याच्या दुकानाचं मॉडेल या विटांनी बांधून देणं, आणि तो भाग सुरू होतो २००० पासून. एका तरुण हंगेरियन फॅनने सुट्या विटांचा ऑनलाईन बाजार उघडला आणि एकाच रंगाच्या चारशे टाईल्स (वरून गुळगुळीत, चपट्या विटा) हव्या तर चार सेट फोडत बसायची गरजच संपली. बेकरीवाल्याने सांगावं आमचं दुकान करून दे, आणि बिल्डरने, म्हणजे विटांची मॉडेल्स बांधणाऱ्याने, पार्ट्सची यादी काढून खर्च सांगावा, हे तेव्हापासून जमायला लागलं. २००२ मध्ये एका अमेरिकन हौशाने डिझाईन केलेलं लोहाराचं दुकान कंपनीने चक्क अधिकृत सेट म्हणून विकलं, मग काही वर्षांत निवडक बिल्डर्सना 'सर्टिफाईड' दर्जा द्यायला सुरुवात झाली. ही माणसं कंपनीच्या पगारावर नाहीत, पण विटा घाऊक मिळतात आणि कॉर्पोरेट कामं घेता येतात. न्यूयॉर्कमधला एक वकील नोकरी सोडून यातच पडला. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये एका नव्या गाडीच्या लाँचसाठी १३ मीटर उंच टॉवर ब्रिज उभा केला, ५८,०५,८४६ विटा, तो याच वाटेने आलेल्या माणसांनी. त्याआधी २००९ मध्ये सरेमधल्या एका द्राक्षमळ्यात टीव्ही कार्यक्रमासाठी याच विटांचं, खरं राहता येईल असं घर बांधलं होतं, बांधायला पब्लिक फुकट राबलं, प्रसिद्धी चॅनलला आणि मळ्याला, आणि नंतर जागा हवी म्हणून घर पाडलं. असो.

खरा घोळ घाऊक विक्रीचा. कंपनीकडून थेट मोठ्या प्रमाणात विटा घ्यायच्या तर आधी विचारायचे, कशासाठी हव्यात, विषय काय. २०१५ मध्ये एका नावाजलेल्या चिनी कलाकाराने मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी विटा मागितल्या, कंपनी म्हणाली राजकीय कामासाठी आम्ही देत नाही, त्याने ते जाहीर केलं आणि मग लोकांनी वेगवेगळ्या शहरांत ठेवलेल्या गाड्यांच्या उघड्या सनरूफमधून विटा टाकून त्याला दान केल्या. शेवटी प्रदर्शनात नकली चिनी विटाच वापरल्या हे मात्र फार कोणी सांगत नाही. गाजावाजा इतका झाला की १ जानेवारी २०१६ पासून कंपनीने तो प्रश्न विचारणंच बंद केलं.

सगळीकडे बातमी आली ती कलाकार जिंकला अशी. माझ्या मते त्या निर्णयाचा अर्धा भाग लोकांनी वाचलाच नाही. प्रश्न गेला, पण त्याजागी अट आली, मॉडेल लोकांसमोर मांडणार असाल तर आमचा याला पाठिंबा नाही हे तुम्हीच स्पष्ट करा. म्हणजे आधी नाही म्हणायची जबाबदारी कंपनीची होती, आता ती बिल्डरच्या गळ्यात. कलाकाराला काय फरक पडतो, पण हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवायच्या मॉडेलखाली ती बारीक ओळ लिहायची म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, कारण त्याला नेमका त्या ब्रँडचाच भाव खायचा असतो!

ब्रँड नको असेल तर वाट मोकळी आहे. पेटंट कधीच संपलेत, २००५ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने आणि २०१० मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की विटेचा आकार हा विटा एकमेकींत बसण्यासाठीच आहे, त्यावर ट्रेडमार्कचा हक्क नाही. त्यामुळे विटा कुठल्याही घ्या, फक्त दुसऱ्याचं नाव लावू नका.

आपल्याकडे अडचण वेगळीच. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा. सुटे पार्ट्स बाहेरून मागवून दुकानाचं मॉडेल परवडणार कसं? त्यात पाटी मराठी हवी. शिरोरेषा एका लांब प्लेटमध्ये (चपट्या विटेत) होऊन जाते, पण 'ळ' ची वळणं ८ मिलिमीटर अंतरावरच्या स्टडवर, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यांवर, बसवायची तर पाटी दुकानाएवढी मोठी होते, मग बहुतेक जण गुपचूप स्टिकर लावतात.

२०१९ मध्ये कंपनीने तो सुट्या विटांचा बाजारही विकत घेतला. म्हणजे घाऊक खिडकी टाळून तिथून पार्ट्स जमवणारा बिल्डरही आता त्यांच्याच अटींखाली खरेदी करतो.