पेटीतल्या नव्याकोऱ्या बुटाचा भुगा का होतो?

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात लग्नसराईचे बूट कपाटातून बाहेर निघतात. मागच्या तीन-चार वर्षांत मोजून पाचदा घातलेले, वरचे चामडे अजून चकचकीत. मंडपाच्या दिशेने शंभर पावले चालली की टाचेखालून काळा चुरा सांडू लागतो आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत तळ सुटून हातात येतो. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला, असा राग येणे साहजिक आहे. पण खरे कारण बहुधा तळाच्या रसायनात आणि आपल्याकडच्या हवेत असते.

असा तळ बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘पीयू’चा असतो. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन द्रवे साच्यात एकत्र ओततात, ती फसफसून फुगतात आणि बारीक बुडबुड्यांचा हलका, लवचिक फेस गोठतो. पॉलिऑल दोन जातींचे असते, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. तळासाठी बहुधा पहिले वापरतात, कारण ते झिजायला चिवट आणि तेलाला दाद न देणारे. त्याचा कच्चा दुवा म्हणजे एस्टर बंध. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून पाणी बाहेर पडून हा बंध तयार होतो. पाणी परत मिळाले की तो उलट्या दिशेने तुटतो. याला जलविघटन म्हणतात. तुटताना जे आम्ल सुटते तेच पुढच्या बंधांची तोडफोड वेगाने करते. त्यामुळे काही वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही आणि मग एका हंगामात सगळा तळ ढासळतो.

यासाठी बूट भिजावा लागत नाही, हवेतली वाफ पुरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर सापेक्ष आर्द्रता बहुतेक काळ ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात उष्णता असल्याने विघटनाचा वेग आणखी वाढतो. काळजी म्हणून बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला, तर आत अडकलेला ओलावा आतच राहतो. रोज घालायचा बूट दोन-तीन वर्षांत झिजून जातो, म्हणून त्याच्यावर ही पाळी क्वचित येते. जपून ठेवलेला मात्र या रसायनाला हवा तेवढा वेळ देतो.

फसगत होते ती इथे: खालून रबर दिसते म्हणून तळ रबराचा समजला जातो. दूधसागर-मोलेच्या वाटांवर घालायचे ट्रेकिंगचे बूट आणि डिचोली-सांगे या खाणपट्ट्यातले सेफ्टी बूट बऱ्याचदा दुहेरी तळाचे असतात. जमिनीला टेकणारा थर रबराचा किंवा घट्ट टीपीयूचा (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा), पण त्याच्या आणि पायाच्या मधली गादी पीयूचीच. रबर शाबूत राहते, गादीचा भुगा होतो. सेफ्टी बुटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. सवलतीत मिळाला तरी आधी तो शिक्का वाचावा. गोदामातला काळही वयात धरावा लागतो. तपासणी सोपी आहे. टाचेची कड अंगठ्याने जोरात दाबा. खळगा तसाच राहिला किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर बंध तुटू लागले आहेत. मग चवडा वाकवून वळणाच्या जागी केसासारख्या भेगा शोधा. असा तळ गोंदाने चिकटवण्यात अर्थ नाही. गोंद पकडतो तो कुजलेला थर, आणि तोच सोलून निघतो.

संपूर्ण तळ बदलता येईल का, हे बूट कसा जोडला आहे त्यावर ठरते. आज बाजारातले बहुतांश बूट चिकटवलेले किंवा साच्यात थेट तळ ओतलेले असतात. ओतलेला तळ बदलणे जवळजवळ अशक्य. शिवलेल्या बुटांत दोन पद्धती मुख्य. लायमन ब्लेक याने १८५८मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राची शिलाई आतल्या तळव्यापासून बाहेरच्या तळापर्यंत आरपार जाते. बूट हलका आणि लवचिक होतो, पण दोऱ्याच्या वाटेने पाणी थेट पायापर्यंत चढते; आपल्या पावसाळ्यात हा मोठाच दोष. गुडइयर वेल्ट पद्धतीत आधी कडेने फिरणारी चामड्याची पट्टी वरच्या भागाला आणि आतल्या तळव्याला शिवतात, मधली पोकळी बुचाच्या भुशाने भरतात आणि बाहेरचा तळ फक्त त्या पट्टीला शिवतात. पट्टीला तळ जोडणारी शिलाई उसवून तळ अनेकदा बदलता येतो. रबर गंधकाने पक्के करणाऱ्या चार्ल्स गुडइयरचे पेटंट १८४४चे. ही शिलाई त्याच्या मुलाच्या नावाची. कडेला दिसणाऱ्या टाक्यांवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका, चिकटवलेल्या तळावर शोभेची शिलाई ओतलेली असते.

चिकटवलेला तळ सुटला आणि तो कुजलेला नसला, तर दुरुस्ती टिकते, फक्त घाई नको. दोन्ही बाजूंचा जुना गोंद ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून काढायचा, धूळ पुसायची, दोन्हीकडे गोंदाचा पातळ थर द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा थर, पुन्हा तेवढाच वेळ, मग जोडून कडेपासून कडेपर्यंत हातोडीने ठोकायचे आणि २४ तास पायात घालायचे नाही. भर पावसात हेच काम का फसते? गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर साचते. थर पांढुरका दिसला की जोड कमजोर होणार. पीव्हीसीच्या तळाला साधा निओप्रीन (एक कृत्रिम रबर) गोंद चालत नाही, कारण पीव्हीसी मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य गोंदात झिरपून त्याला ढिला करते. तिथे पीयू गोंदच हवा. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट वाकणाऱ्या जागी तडकतो, तो तळाला लावूच नये.

मग विकत काय घ्यावे? सुटा तळ पाण्यात टाकून पाहिला तर पीयू आणि ईव्हीए (इथिलीन-विनाइल ॲसिटेटचा फेस) तरंगतात, घट्ट रबर, पीव्हीसी आणि टीपीयू बुडतात. ईव्हीए फार हलका असतो आणि पीयूसारखा त्याचा भुगा होत नाही, पण दाबून दाबून कायमचा चपटा होतो. रबर जड, तरी ओल्या चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर त्याची पकड सर्वांत भरवशाची. पीव्हीसी स्वस्त आणि ओल्या लादीवर निसरडा. पावसाळी कामाला रबर किंवा ईव्हीएचा तळ घ्यावा, आणि वर्षातून चारदा घालायच्या बुटाला शिवलेला चामड्याचा किंवा रबराचा तळ. आमच्या मते नाडीच्या बुटांत ऑक्सफर्डपेक्षा डर्बी इथे सोयीचा: त्याचे पंख, म्हणजे नाडीची भोके असलेल्या दोन बाजू, ऑक्सफर्डसारख्या खाली शिवून बंद नसतात, त्या पूर्ण उघडतात, उन्हाने सुजलेला पाय मावतो आणि आत हवा लागून बूट लवकर सुकतो.

चोर्ल्याचा घाट ओलांडला की बेळगाव, आणि तिथून येणारी कोल्हापुरी चप्पल घरोघरी असते. तिचे चामडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले, जोड चामड्याच्या वादीचे. गोंद नाही, फेस नाही, त्यामुळे जलविघटन तिच्या वाट्याला येत नाही. पण पाण्यात टॅनिन, म्हणजे सालीतले चामडे कमावणारे द्रव्य, निघून जाते आणि भराभर वाळवली तर चामडे लाकडासारखे कडक होते. ती जूनपूर्वी पुसून ठेवून द्यावी, अधूनमधून बाहेर काढून वारा द्यावा.

मिरामार किंवा कोलव्याच्या वाळूतून आलेली सँडल घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावी. मीठ ७५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेत हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळते, म्हणजे खारी चप्पल पावसाळ्यात कधीच सुकत नाही आणि बक्कल गंजते. सुकवायला वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ नको, मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही नको. तिथली उष्णता गोंद मऊ करते आणि ओले चामडे आकसते.

मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी सुरू असते, तेव्हाच बुटांचेही आवरावे. कोरडे झालेले बूट कापडी पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुडी पुन्हा वापरायची तर दाणे बशीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवावेत. बुरशी दिसली तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडून मग अल्कोहोल आणि पाण्याच्या सम प्रमाणातल्या मिश्रणात ओलावलेल्या कापडाने पुसावी, आणि बूट दोन दिवस सावलीत उघडे ठेवून मगच परत आत न्यावेत.